फवारा आधी कापसाला मिळाला, माणसाला नंतर

आजची गोष्ट एका एवढ्याशा वस्तूची आहे. अंगठ्याएवढी. पितळी बांधा, मधे काचेची बारीक कुपी, कुपीत लाल द्रव आणि खाली फुलासारखी दातेरी चकती. मॉलमध्ये, ऑफिसात किंवा एखाद्या मित्राच्या नव्या टॉवरमध्ये मान वर करून बघितलंत तर छताला दिसेल. हा स्प्रिंकलर. आग लागली की पाणी फवारणारा.

हा विषय का घेतला, तर मी शहाडचा. आमच्याकडे आग हा शब्द लहानपणापासून कंपनीशी जोडलेला आहे. बिर्ला गेटच्या आत १९५६ पासून सेंच्युरी रेयॉन चालू आहे. तिथे रेयॉनचा धागा बनतो आणि त्यासाठी कार्बन डायसल्फाइड नावाचं भयंकर ज्वालाग्राही रसायन लागतं. ते इतकं चटकन पेट घेतं की साठवताना त्याच्यावर पाण्याचा थर ठेवतात. ते पाण्यापेक्षा जड असल्यामुळे खाली बसतं आणि वरचं पाणी झाकणाचं काम करतं. २३ सप्टेंबर २०२३ ला याच कंपनीत टँकरचा स्फोट झाला, कामगारांचे जीव गेले, आणि आवाज आम्ही घराघरांत ऐकला. त्यामुळे आमच्याकडे एक समजूत पक्की आहे: आग, फायर पंप, सायरन, स्प्रिंकलर ही सगळी कंपनीची भानगड. घरात एक सिलेंडर सांभाळला की झालं.

पण गेल्या काही वर्षांत शहाड बदललंय. ज्यांच्या आजोबांनी उल्हासनगर कॅम्पातल्या बॅरेकमध्ये संसार थाटला, ती कुटुंबं आता अठराव्या, बाविसाव्या मजल्यावर राहायला गेली आहेत. तुम्हाला माहितीच असेल, उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते शहराची स्थापना झाली. बॅरेकला आग लागली तर दार उघडायचं आणि रस्त्यावर यायचं. बाविसाव्या मजल्यावर दार उघडलं की समोर रस्ता नसतो. लॉबी असते, आणि त्या लॉबीत धूर असेल तर जिनाही सापडत नाही. म्हणून ही छतावरची वस्तू आता आमच्या घरची झाली आहे. आणि तिच्याबद्दल आम्हाला जे माहीत आहे, त्यातलं बरंचसं चुकीचं आहे.

मी ओळखीच्या बऱ्याच जणांना विचारलं, स्प्रिंकलरबद्दल काय माहिती आहे? उत्तरं साधारण अशी आली. एक फुटला की सगळे चालू होतात. फोडणीचा धूर झाला तरी पाऊस पडतो. आगीने जेवढं जळत नाही तेवढं पाण्याने खराब होतं. आणि शेवटचं, हे फॉरेनचं फॅड आहे, आपल्याकडे कशाला?

गंमत बघा, यातल्या काही समजुती एकेकाळी खऱ्या होत्या. पण त्या वेगळ्या यंत्राबद्दल होत्या. म्हणून इतिहासात जाऊ.

टिपूचे रॉकेट आणि लंडनचं नाट्यगृह

१८०९ साली लंडनचं ड्रुरी लेन हे प्रसिद्ध नाट्यगृह जळून खाक झालं. १८१२ मध्ये ते नव्याने उभं राहिलं तेव्हा आगीसाठी खास पाइपांची व्यवस्था केली. ती योजना होती विल्यम काँग्रीव्ह यांची. हे नाव तुम्ही दुसऱ्या कारणासाठी ऐकलं असेल. म्हैसूरच्या टिपू सुलतानाच्या सैन्यातली रॉकेटं इंग्रजांच्या हाती लागली, त्यांच्यावरून इंग्लंडमध्ये रॉकेट बनवणारा तो हाच काँग्रीव्ह. म्हणजे आग लावायचं आणि विझवायचं, दोन्ही कामांचं डोकं एकच.

त्याची योजना सोपी होती. बाहेर पाण्याची मोठी टाकी, तिथून आत पाइप, पाइपांना भोकं. आग लागली की माणसाने व्हॉल्व्ह फिरवायचा, आणि त्या भागातल्या सगळ्या भोकांतून पाणी.

पुढची साठेक वर्षं हीच पद्धत चालली. अमेरिकेच्या ईशान्येकडे, न्यू इंग्लंड भागात कापडगिरण्या भराभर उभ्या राहत होत्या. तिथे छताला असेच भोकं पाडलेले पाइप लावत. गिरणीत आग लागायला निमित्त लागत नसे. हवेत कापसाचा तूस, यंत्रांचं तेल मुरलेली लाकडी जमीन, आणि उजेडाला दिवे. एका कोपऱ्यात ठिणगी पडली की कोणीतरी पळत जाऊन व्हॉल्व्ह उघडायचं आणि अख्खा मजला भिजायचा. जिथे आग आहे तिथेही आणि जिथे नाही तिथेही. शिवाय भोकं रंगाने, गंजाने बुजलेली असत. आगीवर धड पाणी नाही आणि चांगला माल मात्र ओला.

आता पहिली समजूत आठवा: एक चालू झाला की सगळे चालू. बरोबर आहे की! १८७० पर्यंत अगदी असंच होतं. हीरो लायटर पेटवून छताला धरतो आणि पूर्ण ऑफिसात पाऊस पडतो, हे आपण सिनेमात बघतो ना, ते यंत्र दीडशे वर्षांपूर्वीच मागे पडलंय. आपल्या डोक्यात मात्र ते अजून चालू आहे.

(खरं सांगायचं तर सगळे एकदम उघडणारी एक व्यवस्था आजही असते, पण ती ट्रान्सफॉर्मर, विमानांचे हँगर, रसायनांचे साठे अशा ठिकाणी. घरात नाही.)

पियानोवाल्याने काय केलं

१८७४ साली अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवन गावी हेन्री पार्मली नावाच्या माणसाने एक पेटंट घेतलं. त्याचा पियानोचा कारखाना होता. लाकूड, वॉर्निश, डिंक, म्हणजे आगीला आमंत्रणच. विम्याचा हप्ता परवडेना. त्याने केलं असं की पाइपाच्या प्रत्येक तोंडावर एक झाकण बसवलं आणि ते कमी उष्णतेत वितळणाऱ्या धातूच्या डाखाने बंद केलं. खाली आग लागली की गरम हवा वर जाते, छताशी साठते, तिथला डाख वितळतो, झाकण निघतं आणि पाणी पडतं. व्हॉल्व्हकडे पळणारा माणूस नको.

यातली महत्त्वाची गोष्ट लक्षात आली का? प्रत्येक तोंड स्वतंत्र झालं. ज्याच्या खाली आग, तेच उघडणार. शेजारच्याला पत्ताही नाही. स्प्रिंकलरच्या इतिहासातला मोठा बदल हाच.

पुढे फ्रेडरिक ग्रिनेल या इंजिनिअरने १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला याची सुधारलेली आवृत्ती काढली. मँचेस्टरच्या मेदर अँड प्लॅट कंपनीने १८८३ च्या सुमारास तिचे अमेरिकेबाहेरचे हक्क घेतले, आणि लँकेशायरच्या गिरण्यांमध्ये स्प्रिंकलर पसरला. तिथल्या जुन्या गिरण्यांचे फोटो बघा, जिन्याच्या मनोऱ्यावर पाण्याची टाकी दिसेल. ती प्यायच्या पाण्याची नव्हे, स्प्रिंकलरची. १९२० च्या दशकात डाखाऐवजी काचेची कुपी आली. कुपीतला द्रव तापला की फुगतो आणि ठराविक तापमानाला काच फुटते.

त्या द्रवाच्या रंगाला अर्थ आहे. केशरी म्हणजे ५७ अंश सेल्सिअस, लाल म्हणजे ६८, पिवळा ७९, हिरवा ९३ आणि निळा १४१. घरात बहुतेक वेळा लाल कुपी असते. आता फोडणीचा प्रश्न. कुपीला नाक नाही. तिला धूर कळत नाही, ठसका लागत नाही, अगरबत्ती, सिगारेट, करपलेली पोळी काहीही कळत नाही. तिला फक्त उष्णता कळते. छताजवळची हवा ६८ अंशांच्या आसपास तापून कुपी तेवढी गरम व्हायला खाली खरीच आग लागावी लागते. मे महिन्यात आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तरी ६८ खूप लांब आहे. जिथे मुळातच जास्त उष्णता असते, उदाहरणार्थ हॉटेलच्या भटारखान्यात, तिथे वरच्या रंगाची कुपी निवडतात.

धुराने वाजतो तो स्मोक डिटेक्टर. तो वेगळा, स्प्रिंकलर वेगळा. छतावर दोघे शेजारी बसतात म्हणून लोकांनी त्यांना एकच समजलंय. पहिला तुम्हाला उठवतो, दुसरा आग दाबतो. घरात दोन्ही हवेत, कारण धूर आधी येतो आणि झोपेत असलेल्या माणसाला धुराचा वास जाग आणेलच असं नाही.

फॉरेनचं फॅड? नागपूरला विचारा

आता मंडळी, नागपूरला जाऊ. १ जानेवारी १८७७. त्या दिवशी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं गेलं, आणि त्याच दिवशी नागपुरात जमशेटजी टाटांची नवी कापडगिरणी सुरू झाली. म्हणून नाव एम्प्रेस मिल्स. जुम्मा तलावाजवळची जागा, दलदलीची. भराव घालताना एका सावकाराने, हा माणूस सोनं मातीत घालतोय, अशा अर्थाची थट्टा केली होती, आणि पुढे गिरणीचा नफा बघून त्यालाच शब्द फिरवावे लागले, ही गोष्ट टाटांच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते.

याच एम्प्रेस मिलमध्ये जमशेटजींनी हवेत ओलावा ठेवणारी यंत्रं आणि आग लागताच आपोआप चालणारे स्प्रिंकलर बसवले. भारतातले पहिले. म्हणजे ही वस्तू आपल्या राज्यात मॉलमधून आली नाही. आज मुंबईत ज्यांना आपण जुन्या इमारती म्हणतो, त्यातल्या कित्येकींच्या आधी ती विदर्भात पोचली होती.

का बसवले असतील? कारण कापसाची गाठ म्हणजे रोकड. जळली तर नुकसान थेट मालकाचं. जमशेटजी त्या काळाच्या मानाने कामगारांचाही विचार करणारे होते, १८८६ मध्ये त्यांनी याच गिरणीत पेन्शन फंड सुरू केला. पण जगभरातला सर्वसाधारण हिशोब मालाचाच होता. अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या झकारिया ॲलन या गिरणीमालकाने १८३५ मध्येच, आगीची काळजी घेऊनही विम्याचा हप्ता कमी होत नाही म्हणून, इतर गिरणीमालकांबरोबर स्वतःची विमा मंडळी काढली होती. आग कमी, तर हप्ता कमी. स्प्रिंकलर पसरला तो या हिशोबावर. कोणी रडून, भाषण करून पसरवला नाही.

आणि जिथे हा हिशोब नव्हता तिथे काय झालं? २५ मार्च १९११, न्यूयॉर्क. ट्रँगल शर्टवेस्ट नावाचा शिलाई कारखाना, दहा मजली इमारतीच्या वरच्या तीन मजल्यांवर. स्प्रिंकलर बाजारात येऊन तीसेक वर्षं झाली होती, पण या इमारतीत नव्हते. एक दार कुलूपबंद होतं. १४६ माणसं गेली, बहुतेक तरुण मुली, स्थलांतरित कुटुंबांतल्या. कापडाच्या गाठींसाठी जी वस्तू सर्रास लावली जात होती, ती कापड शिवणाऱ्या मुलींच्या डोक्यावर नव्हती.

घराला शंभर वर्षं उशीर

पार्मलीचं पेटंट १८७४ चं. घरासाठी वेगळा नियम अमेरिकेत लिहिला गेला १९७५ मध्ये. तब्बल एकशे एक वर्षांनी! त्याआधी १९७३ मध्ये तिथल्या सरकारी आयोगाचा 'अमेरिका बर्निंग' हा अहवाल आला होता. त्यात म्हटलं होतं की देशात दरवर्षी आगीत जवळपास १२,००० माणसं मरतात. आणि बहुतेक मरतात ती कारखान्यात नाही, स्वतःच्या घरात.

मग लक्षात आलं की गिरणीचा स्प्रिंकलर जसाच्या तसा घरात चालणार नाही. गिरणीत कापूस वाचवायचा असतो, तो श्वास घेत नाही. दोन मिनिटं उशिरा पाणी पडलं तरी चालतं. घरात माणूस झोपलेला असतो. खोली धुराने, उष्णतेने भरायच्या आत पाणी पडायला हवं. म्हणून १९८० च्या सुमारास घरासाठी लवकर उघडणारं हेड तयार झालं. साध्या भाषेत सांगायचं तर काचेची कुपी बारीक केली. जुनी ५ मिलिमीटर जाडीची, नवी ३ मिलिमीटरची. बारीक कुपी लवकर तापते, लवकर फुटते. फवाराही बदलला. पाणी भिंतींवर उंचापर्यंत पोचेल असा केला, कारण घरात सोफा, पडदा, कपाट ही सगळी भिंतीला टेकून असतात.

अ‍ॅरिझोना राज्यातल्या स्कॉट्सडेल शहराने १९८५ मध्ये नव्या घरांना स्प्रिंकलर सक्तीचा केला आणि पुढची वर्षानुवर्षं हिशोब ठेवला. दिसलं असं की बहुतेक आगी एक किंवा दोन हेडांतच आवरल्या, आणि बंबाच्या होसपाइपच्या तुलनेत पाणी कितीतरी पट कमी लागलं. २०१६ पासून वेल्सने प्रत्येक नव्या घराला तो सक्तीचा केला, असं करणारा तो पहिला देश. इंग्लंडमध्ये मात्र ३० मीटरपेक्षा उंच नव्या इमारतींनाच सक्ती होती. १४ जून २०१७ ला लंडनचा २४ मजली ग्रेनफेल टॉवर जळाला, ७२ माणसं गेली. जुनी इमारत, आत स्प्रिंकलर नव्हते. बाहेरून लावलेलं ज्वलनशील आवरण हे तिथलं मोठं कारण होतं, त्यामुळे स्प्रिंकलर असता तर सगळं टळलं असतं असं मी म्हणणार नाही. पण त्यानंतर २०२० मध्ये इंग्लंडने नव्या निवासी इमारतींसाठी ती मर्यादा ३० वरून ११ मीटरवर आणली.

पाण्याने घर खराब होतं का?

होतं. खोटं कशाला बोलू? आणि पाइपात महिनोन्महिने साठलेलं पाणी सुरुवातीला काळपट, वासाचं येतं. गादी गेली, टीव्ही गेला.

पण हिशोब करू. घरातलं एक हेड मिनिटाला साधारण ६० लिटर पाणी टाकतं. १५ लिटरची बादली धरली तर मिनिटाला चार बादल्या. बंबाच्या एका होसमधून मिनिटाला ४०० लिटर किंवा त्याहून जास्त येतं, म्हणजे पंचवीसेक बादल्या. आणि तो बंब येतो कधी? कॉल, गाडी निघणं, मुरबाड रोडचा ट्रॅफिक, शहाडचा पूल, गेटसमोर आडव्या लावलेल्या बाइक्स. तोपर्यंत एका खोलीची आग पूर्ण फ्लॅटची झालेली असते. तेव्हा निवड 'पाणी की कोरडं घर' अशी नसतेच. आग लागल्यावर पाणी पडणारच आहे. पहिल्या दोन मिनिटांत चार-चार बादल्यांनी पडावं की अर्ध्या तासाने होसने, एवढंच ठरवायचं असतं.

आणखी एक. स्प्रिंकलर सगळ्यावर उपाय नाही. कढईतलं तेल पेटलं तर गॅस बंद करून झाकण ठेवायचं, पाणी अजिबात ओतायचं नाही. गॅस गळतोय असं वाटलं तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, आणि दिव्याच्या बटणाला हात नाही. ई-बाइकची बॅटरी पेटली तर आतली सेल स्प्रिंकलर विझवू शकेलच असं नाही, पण शेजारची गाडी पेटण्यापासून वाचवू शकतो. त्याचं काम आगीला लहान ठेवणं आणि तुम्हाला बाहेर पडायला वेळ देणं. तेवढं केलं तरी खूप झालं.

२००६ : एकाच वर्षाचे दोन कायदे

आता आपल्या भागाकडे परत येऊ. २००६ या वर्षाच्या नावाने महाराष्ट्रात दोन कायदे आहेत, आणि शहाड-उल्हासनगरच्या माणसाने दोन्ही एकत्र वाचावेत असे आहेत.

पहिला, उल्हासनगरमधली अनधिकृत बांधकामं नियमित करण्याचा. निर्वासितांच्या बॅरेकवर मजल्यावर मजले चढत गेले, त्यांना कागदावर आणण्यासाठी केलेला. दुसरा, महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम. तो म्हणतो की इमारतीतली आगीची यंत्रणा चालू ठेवणं ही मालकाची किंवा वापरणाऱ्याची जबाबदारी. लायसन्स असलेल्या एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, सगळं ठीक चालतंय असं प्रमाणपत्र घेऊन अग्निशमन विभागाला द्यायचं. यालाच सगळे 'फॉर्म बी' म्हणतात. बिल्डर गेला, सोसायटी झाली, की ही जबाबदारी सोसायटीची. म्हणजे तुमची-माझी.

राष्ट्रीय इमारत संहिता १५ मीटर आणि त्याहून उंच इमारतीला हायराईज मानते. उंची वाढते तसे नियम वाढत जातात. पण नियम इमारत उभी राहताना तपासला जातो, आग त्यानंतर कधीही लागते. २२ जानेवारी २०२२ ला मुंबईत ताडदेवच्या २० मजली इमारतीत आग लागली, सहाहून जास्त माणसं गेली. इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत नव्हती, असं तेव्हा अग्निशमन दलाकडून सांगण्यात आलं. ६ ऑक्टोबर २०२३ ला गोरेगावच्या जय भवानी या पुनर्वसन इमारतीत पहाटे आग लागली. तळाच्या पार्किंगमध्ये कापडाच्या चिंध्यांचे गठ्ठे ठेवलेले होते, असं तेव्हा बातम्यांत आलं. वर झोपलेली माणसं धुराने गेली. म्हणजे बघा, ज्या मालासाठी गिरणीत स्प्रिंकलर आला, तोच माल आता आपल्या घराखाली येऊन बसलाय.

यावरून मला आमच्याकडची एक सोसायटीची मीटिंग सांगायची आहे. नाव घेत नाही. स्टेशनजवळचा टॉवर, माझी मावशी तिथे एकोणिसाव्या मजल्यावर राहते. मी तिच्याबरोबर गेलो होतो. विषय होता वाढलेला मेंटेनन्स. खजिनदार म्हणाले, फायरचा छोटा पंप सारखा चालू-बंद होतो, लाइट बिल येतं, तो मॅन्युअलवर ठेवू. एक काका म्हणाले, माझ्या हॉलमधलं ते हेड पीओपीवाल्याने बंद करून दिलंय, छान दिसतं, सगळ्यांनीच करून घ्या. कोणी वाईट माणूस नव्हता. सगळ्यांना ईएमआय आहे, सगळ्यांना बिल कमी हवंय.

मावशी उठली. ती आयुष्यभर गिरणीकामगाराची बायको. ती एवढंच म्हणाली, "अहो भाऊ, रात्री आग लागली तर पंप चालू करायला खाली कोण जाणार? तुम्ही?" थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. मग सेक्रेटरींनी विषय पुढच्या मीटिंगवर ढकलला. पंप सध्या ऑटोवर आहे. सध्या.

तो छोटा पंप म्हणजे जॉकी पंप. त्याचं काम पाइपातला दाब कायम ठेवणं. हेड फुटलं, दाब उतरला, की मोठा पंप आपोआप चालू होतो, आणि लाइट गेली असेल तर डिझेलचा. पॅनेलवरची ती छोटी चावी ऑटोवरून मॅन्युअलवर फिरवली की काय होतं सांगू? आपण १८७४ मधून पुन्हा १८१२ मध्ये जातो. पुन्हा व्हॉल्व्हकडे, पंपाकडे पळणारा माणूस लागतो. आणि तो जॉकी पंप वारंवार चालू होत असेल तर कुठेतरी गळती आहे. ती शोधायची, पंपाचं तोंड बंद करायचं नाही.

हा सगळा इतिहास वाचून माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. यंत्रातले दोष दीडशे वर्षांपूर्वीच निघायला सुरुवात झाली. राहिला तो मालकीचा प्रश्न. गिरणीत कापसाच्या गाठीला मालक होता, म्हणून दाबाचा काटा रोज बघणारं कोणीतरी असायचं. सोसायटीच्या जिन्यातल्या व्हॉल्व्हला मालक नाही. तो सगळ्यांचा, म्हणून कोणाचाच नाही.

मग आपण काय करायचं?

तुम्ही म्हणाल, आम्ही कमिटीत नाही, आमचं कोण ऐकतो? पण ऐकणाऱ्यांतले बरेच जण विशीतले आहात, घरात फोनवरचं सगळं तुम्हीच बघता. मग एवढं करा.

घरातल्या हेडवर रंगाचा थर बसलाय का बघा. बसला असेल तर खरवडायचा नाही, हेडच बदलून घ्यायचं. रंगाने कुपी उशिरा तापते. हेडच्या खाली दीड फूट जागा मोकळी ठेवा. कपाटावर छतापर्यंत बॅगा रचल्या तर फवारा पसरत नाही. हेडला हँगर अडकवू नका. आपोआप फुटल्याच्या ज्या गोष्टी ऐकू येतात, त्यातल्या बऱ्याच अशा धक्क्याच्या असतात. घरात पीओपी करायचं असेल तर हेड झाकायचं नाही, लायसन्सवाल्या माणसाकडून नव्या छताच्या पातळीला आणून घ्यायचं.

खाली पंपरूमजवळ जा. आत जाऊ देत नसतील तर वॉचमन काकांना विचारा, चावी कोणाकडे असते? पॅनेल ऑटोवर आहे का? दाबाचा काटा शून्यावर तर नाही ना? आणि कमिटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नम्रपणे एक ओळ टाका: आपला या सहामाहीचा फॉर्म बी नोटीस बोर्डवर लावता का?

आणि तुमची इमारत जुनी, चार मजल्यांची, स्प्रिंकलर नसलेली असेल, शहाड-उल्हासनगरमध्ये अशाच जास्त आहेत, तर लगेच घाबरू नका. जिना मोकळा ठेवा. जिन्यातली जुनी सायकल, कुंड्या, मीटरबॉक्सखालचे खोके हलवा. एक स्मोक डिटेक्टर घ्या, तो स्वतंत्र बॅटरीवर चालतो. गच्चीच्या दाराला कुलूप असेल तर चावी कुठे आहे ते घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या. आणि १०१ हा नंबर आजीच्या फोनमध्येही सेव्ह करा.

एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद झाली. तिथल्या जमिनीवर आता मॉल उभा आहे. इथे शेजारी मोहन्याची एनआरसीही २००९ पासून बंद आहे. कारखाने जातात, टॉवर येतात, आणि कारखान्यातली सावधगिरी मात्र कामगारांबरोबर रिटायर होते. मावशीसारखी माणसं आहेत तोवर ती विचारून घ्या.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत एकदा मान वर करून छताकडे बघा, आणि मग खाली जाऊन त्या काट्याकडे.